कलावंताची दीर्घ मुलाखत कॅमेऱ्यावर घेताना: कोल्हापुरातल्या नव्या मंडळींसाठी

सत्काराचे, उद्घाटनाचे, पुरस्कार वितरणाचे व्हिडिओ आपल्याकडे ढीगभर असतात. त्यात माणूस दिसतो, हार दिसतो, पण त्याचं काम कसं होतं ते कळत नाही. चित्रकार कागद कधी ओला करतो, गायिकेनं एखादी चीज, म्हणजे बंदिश, कुणाकडून घेतली, लेखकानं कोणता परिच्छेद शेवटच्या क्षणी काढून टाकला, हे विचारायला निवांत वेळ लागतो. दीड-दोन तासांची मुलाखत त्यासाठीच असते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि 'प्रतिभा आणि प्रतिमा'सारख्या कार्यक्रमांतून मराठी लेखक-कलावंत घरोघरी बोलताना दिसू लागले. तेव्हा त्याला स्टुडिओ लागायचा. आता दोन कॅमेरे, एक चांगला माइक आणि पुरेशी तयारी असली की मंगळवार पेठेतल्या माडीवरही तेच काम होतं. या तिन्हींत सगळ्यात जास्त वेळ तयारीला द्या.

पुढे बरंच तांत्रिक आहे, पण सगळ्याचा रोख एकच आहे: माणसाला त्याच्या कामाबद्दल, तेही बारकाईनं विचारायचं. आवाज, उजेड, खुर्ची या गोष्टी त्याला मोकळेपणानं बोलता यावं आणि आपल्याला नीट ऐकता यावं एवढ्यासाठीच.

आधीचे दोन-तीन आठवडे

ज्यांची मुलाखत घ्यायची त्यांचं काम आधी पाहा, वाचा, ऐका. लेखक असतील तर निदान तीन पुस्तकं पूर्ण वाचा: एक सुरुवातीचं, एक गाजलेलं आणि एक ज्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. हे तिसरं पुस्तक वाचलेला मुलाखतकार समोर आला की लेखकाच्या बोलण्यात पहिल्या दहा मिनिटांतच फरक पडतो. पुस्तक बाजारात मिळत नसेल तर करवीर नगर वाचन मंदिरात विचारा. ही संस्था १८५० पासूनची आहे आणि बाजारातून गेलेली पुस्तकं तिथे सापडण्याची शक्यता जास्त. शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात प्रबंध, नियतकालिकं, जुने अंक मिळतात. चित्रकाराच्या बाबतीत छापील फोटोवर भागवू नका, मूळ चित्र पाहा. जलरंगाचा पोत आणि आकार छापील चित्रात कळत नाही, आणि मग प्रश्नही विषयावरच अडतात, रंगापर्यंत पोचत नाहीत.

वाचताना एका वहीत तीन रकाने करा. पहिल्यात सनावळी, दुसऱ्यात आपल्याला न कळलेल्या गोष्टी, तिसऱ्यात त्यांनी आधीच्या मुलाखतींत सांगून झालेले किस्से. हा तिसरा रकाना महत्त्वाचा. प्रत्येक नावाजलेल्या माणसाकडे पाच-सहा घोटलेले किस्से असतात. ते वाईट नसतात, पण शंभर वेळा सांगून त्यांच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतात. किस्सा आधी माहीत असेल तर त्याच्या पुढचा प्रश्न तयार ठेवता येतो: "बालगंधर्वांचं ते नाटक तुम्ही लहानपणी पाहिलंत हे वाचलंय. त्या रात्री घरी परत आल्यावर काय झालं?"

मग एकदा कॅमेरा न नेता घरी भेटून या. तासभर पुरे. या भेटीत तारखा, नावं, कुठले फोटो आहेत, हस्तलिखितं आहेत का, घरातली सगळ्यात शांत खोली कुठली, दुपारची झोप किती वाजता, औषधं कधी, ऐकायला कुठल्या कानानं बरं येतं, एवढंच विचारा. मुख्य प्रश्न तिथे विचारू नका. माणूस एखादी गोष्ट पहिल्यांदा सांगतो तेव्हा तो ती आठवत आठवत सांगतो. दुसऱ्यांदा सांगताना "मागच्या वेळी म्हटलं तसं" असं म्हणून अर्धी गाळतो, आणि ती अर्धी प्रेक्षकाला कधीच मिळत नाही. म्हणून समजा पाहुण्यांना घरी आबा म्हणतात आणि भेटीतच ते रंगात येऊन सांगायला लागले, तर मध्येच थांबवून "आबा, हे आम्हाला कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा ऐकायचंय" असं सरळ म्हणा. कुणी वाईट वाटून घेत नाही.

प्रश्न

एक प्रश्न म्हणजे एकच प्रश्न. "तुमची प्रेरणा कोण, सुरुवात कशी झाली आणि आजच्या पिढीबद्दल काय वाटतं?" असं विचारलं की पाहुणा शेवटच्या तुकड्याचं उत्तर देतो आणि पहिले दोन वाया जातात. "कसं वाटतं?" हा प्रश्न शक्यतो टाळाच, कारण त्याला "छान वाटतं, समाधान आहे" यापलीकडे उत्तर नाही.

प्रश्न कामाच्या जवळ कसा न्यायचा ते एका उदाहरणानं पाहू. कोल्हापुरात निसर्गचित्रणाची परंपरा जुनी आहे, आबालाल रहिमान यांच्यापासूनची. समजा पंचगंगेचा घाट अनेक वर्षं रंगवणारे जलरंगातले चित्रकार समोर आहेत. "निसर्गचित्राकडे कसे वळलात?" असं विचारलंत तर शाळेतले चित्रकलेचे शिक्षक, घरचा विरोध, मग पहिलं बक्षीस अशी ठरलेली वाट येते. त्याऐवजी असं विचारून पाहा: घाटावर सकाळी किती वाजता बसता? कागद आधी ओला करता की कोरड्यावरच सुरुवात? पांढरा म्हणून कागद कुठे राखून ठेवता? पायरीचा काळा दगड ओला आहे हे दाखवायला काय करता? पावसाळ्यात पाणी गढूळ होतं तेव्हा रंगपेटीतला कुठला रंग जास्त संपतो? चित्र बिघडलं हे कोणत्या क्षणी कळतं, आणि कळल्यावर हात थांबतो की चालूच राहतो? अशा पाच-सहा प्रश्नांनंतर माणूस स्वतःहूनच गुरूंबद्दल, घराबद्दल, पैशाच्या ओढाताणीबद्दल बोलायला लागतो. तेव्हा ते ठरीव राहत नाही, कारण ते हातातल्या कामाला लागून आलेलं असतं.

शिल्पकाराला शाडू किती दिवस ओला ठेवावा लागतो, आतला लोखंडी सांगाडा वाकला तर काय, चेहरा फोटोवरून करायचा असेल आणि फोटो एकाच बाजूचा असेल तर दुसरी बाजू कुठून आणतात, हे विचारा. गायकाच्या बाबतीत कोल्हापूरला मोठा आधार आहे. उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या काळात इथल्या दरबारात होते, आणि जयपूर-अत्रौली गायकीची पाळंमुळं या गावात घट्ट आहेत. या परंपरेतल्या गायिकेला "घराण्याची वैशिष्ट्यं सांगा" म्हणू नका, ती पुस्तकात मिळतात. एखादा अनवट राग किंवा जोडराग घ्या आणि विचारा: ही चीज तुमच्यापर्यंत कुणाकुणाच्या गळ्यातून आली? गुरूंनी ती किती दिवस नुसती ऐकवली, गायला कधी दिली? दोन रागांचा सांधा कुठे येतो ते गाऊन दाखवाल का?

विचारवंत आणि कार्यकर्त्यांची अडचण वेगळी. ते भाषणाला सरावलेले असतात, त्यामुळे उत्तर अमूर्त होत जातं. अशा वेळी मतावर मत मांडू नका. "असं एखादं गाव, एखादा मोर्चा, एखादी केस सांगाल?" एवढं विचारलं की भाषण थांबतं आणि माणूस बोलायला लागतो. एक प्रश्न मात्र प्रत्येक विचारवंताला विचाराच: कोणत्या बाबतीत तुमचं मत बदललं, आणि कुणामुळे?

कागदावर पंचवीस-तीस प्रश्न लिहा, पण त्यांतले सात-आठ ठळक करा. दोन तासांत तेवढेच मुख्य प्रश्न नीट होतात. बाकीचे पाहुण्याच्या उत्तरातूनच निघायला हवेत. यादी मांडीवर असू द्या, हातात नको. पाहुणा बोलत असताना तुम्ही पुढचा प्रश्न वाचताय हे त्याच्या लगेच लक्षात येतं आणि तो उत्तर आवरतं घेतो.

दिवस आणि वेळ

सकाळी दहा ते साडेबारा ही बहुतेकांना मानवणारी वेळ. नाटकवाले आणि गायक उशिरा उठणारे असतील तर संध्याकाळी चारनंतर. सत्तरीपुढच्या माणसांना सलग पंचेचाळीस मिनिटांवर बसवू नका. मध्ये चहा, पाणी, दहा मिनिटं पाय मोकळे.

कोल्हापुरात तारीख ठरवताना पंचांग आणि वर्तमानपत्र दोन्ही बघावं लागतं. गणपतीचे दहा दिवस, नवरात्रात अंबाबाईच्या मंदिराचा परिसर, शिवजयंती, चैत्रात जोतिबाची यात्रा, आणि शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा फुटबॉल सामना असेल ती संध्याकाळ, या वेळी जुन्या पेठांत आवाज आवरत नाही. तालमीच्या शेजारी घर असेल तर मंडळाच्या कार्यकर्त्यांना आदल्या दिवशी भेटून "उद्या दोन तास सरांची मुलाखत हाय, स्पीकर जरा बंद ठेवा" असं सांगितलं तर बहुधा मदतच होते. जून ते सप्टेंबर पत्र्याचं छप्पर असलेली खोली घेऊ नका. पाऊस सुरू झाला की पाहुण्याचं एक अक्षर माइकवर नीट येत नाही, आणि तो आवाज नंतर काढता येत नाही.

आवाज

चित्र थोडं कमी-जास्त असेल तरी लोक पाहतात. आवाज खराब असेल तर पाच मिनिटांत बंद करतात. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर कॅमेऱ्याआधी माइकवर घाला.

कपड्याला लावायचा छोटा माइक हनुवटीच्या खाली साधारण पंधरा ते वीस सेंटिमीटरवर, म्हणजे एका वितीवर, छातीच्या मधोमध लावा. त्याहून वर लावला तर हनुवटीच्या आडोशानं आवाज दबतो, खाली लावला तर खोलीचा घुमारा येतो. कडक इस्त्रीचा खादी कुर्ता, जाकीट, रेशमी साडी हे कपडे घासले की करकर येते. साडी असेल तर माइक पदराला न लावता ब्लाउजच्या काठाला लावा, पदर त्यावरून जाऊ देऊ नका. गळ्यात मंगळसूत्र, मोहनमाळ किंवा तुळशीची माळ असेल तर प्रत्येक हालचालीला मणी माइकवर टकटकतात. हेडफोनशिवाय हे कळतच नाही, घरी जाऊन संगणकावर लावल्यावर कळतं. वारकरी माणसाला माळ काढायला कधीही सांगू नये. माइक दोन-तीन बोटं बाजूला सरकवा, वायरची एक छोटी वेटोळी करून ती कापडाच्या आतून चिकटपट्टीनं बसवा, म्हणजे ओढ माइकवर येत नाही.

दुसरा माइक मुलाखतकारालाही हवाच. प्रश्न ऐकू आला नाही तर उत्तराचा अर्थ लागत नाही. शक्य असेल तर एक तिसरा, दांड्याचा माइक पाहुण्याच्या डोक्यावर चौकटीच्या जेमतेम बाहेर टांगा. छोटा माइक दगा देतो तेव्हा हाच वाचवतो.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. साध्या बोलण्याला सुई उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळू द्या, उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला जुळत नाही. गायकाच्या बाबतीत हे विशेष जपा. बोलता बोलता "म्हणजे असं बघा" म्हणून ते तार सप्तकात जातात आणि पातळी एकदम उसळते. रेकॉर्डरमध्ये दुसऱ्या ट्रॅकवर तोच आवाज १०-१२ डेसिबल कमी ठेवून घेण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा.

खोलीतला पंखा बंद. उन्हाळ्यात हे जिवावर येतं, म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबून पंखा लावा, घाम पुसू द्या. फ्रिज बंद करा आणि आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो परत चालू करायची आठवण राहते. दुसऱ्याच्या घरातलं दूध-भाजी नासवून येऊ नये. इन्व्हर्टरची गुणगुण, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, अंगणातली पाण्याची मोटर, कुकरची शिट्टी, सगळं आधी विचारून घ्या. मोबाइल सायलेंटवर नको, विमान मोडवर ठेवा. थरथरणारा फोन लाकडी टेबलावर चांगलाच ऐकू येतो.

सगळं लावून झालं की सगळ्यांनी गप्प बसून एक मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज घ्या. संकलनात दोन वाक्यांमधली जोड याच शांततेनं भरायची असते. हे मिनिट नवे लोक हमखास विसरतात.

उजेड आणि खुर्ची

जुन्या वाड्यांत सोपा (पुढची पडवी) लांबलचक, खिडक्या छोट्या आणि भिंती जाड. खिडकीला पाठ करून बसवलं तर चेहरा काळा पडतो. पाहुण्याला अशा कोनात बसवा की खिडकी त्याच्या एका बाजूला, साधारण ४५ अंशांवर येईल. उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली, कारण तिच्यातून फारसं थेट ऊन येत नाही. पूर्वेची किंवा पश्चिमेची असेल तर दोन तासांत ऊन सरकतं आणि पहिलं व शेवटचं उत्तर वेगवेगळ्या दिवशीचं वाटतं. मग खिडकीवर पांढरा पडदा टाका किंवा ती बंद करून दिवाच वापरा. दिव्यापुढे उजेड मऊ करणारी कापडी पेटी (सॉफ्टबॉक्स) लावा, नाहीतर नाकाची सावली गालावर कापल्यासारखी दिसते.

दिवसाचा उजेड निळसर, जुना पिवळा बल्ब तांबूस. दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. घरचे दिवे बंद करा किंवा खिडकी झाका, दोन्ही चालू ठेवू नका. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. मोबाइल आपणहून ३० फ्रेमवर असतो, शटरही स्वतःच ठरवतो, आणि मग ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. चष्म्यात दिवा दिसत असेल तर दिवा आणखी वर न्या, नाहीतर चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलून बसवा. तेवढ्यानं काचेचा कोन बदलतो.

फिरती खुर्ची, झोपाळा, कुरकुरणारी वेताची खुर्ची नको. हात टेकता येतील अशी सरळ पाठीची लाकडी खुर्ची घ्या. मुलाखतकाराचे डोळे आणि पाहुण्याचे डोळे एका उंचीवर हवेत.

कॅमेरे

मुख्य कॅमेरा पाहुण्याच्या चेहऱ्यावर, मुलाखतकार त्या कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी. मुलाखतकार दूर बाजूला बसला तर पाहुण्याचा एकच डोळा आणि कान दिसत राहतो. बीबीसीवर १९५९ ते १९६२ या काळात जॉन फ्रीमन 'फेस टू फेस' नावाच्या मुलाखती घ्यायचे. त्यात ते स्वतः जवळजवळ दिसतच नसत, कॅमेरा पाहुण्याच्या चेहऱ्यावर जवळून रोखलेला असे. कार्ल युंग यांची १९५९ मधली मुलाखत त्याच मालिकेतली. माणूस विचार करताना कसा दिसतो हे त्यात पाहायला मिळतं, आणि नव्या माणसानं ते जरूर पाहावं. सेट भव्य असण्याची गरज तिथे कुठेच जाणवत नाही.

दुसरा कॅमेरा थोडा रुंद आणि त्याच बाजूला ठेवा. दोघांच्या मधून एक काल्पनिक रेषा धरा आणि दोन्ही कॅमेरे तिच्या एकाच अंगाला असू द्या. रेष ओलांडली तर एकदा आबा डावीकडे बघतात आणि पुढच्याच क्षणी उजवीकडे, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत असं वाटतं. चित्रकार, शिल्पकार, तबलजी असेल तर दुसरा कॅमेरा हातांवर लावा. हात बोलण्याआधी हलतात.

सुरुवातीला चौकटीत एक ठळक टाळी वाजवा, म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांचं चित्र आणि वेगळा घेतलेला आवाज जुळवायला खूण मिळते. बरेच फोटोचे कॅमेरे अर्ध्या तासाला काही सेकंद कमी असताना आपोआप बंद होतात. आपला कॅमेरा तसा आहे का ते घरी तपासा, आणि असेल तर पंचविसाव्या मिनिटाला दोन उत्तरांच्या मध्ये बंद-चालू करा. दोन्ही कॅमेरे एकदम बंद करू नका. कार्डाचा हिशेब असा: ५० मेगाबिटवर तासाला साधारण साडेबावीस जीबी, १०० मेगाबिटवर ४५. दोन कॅमेरे, दोन तास, ५० मेगाबिट म्हणजे ९० जीबी. प्रत्येक कॅमेऱ्यात १२८ जीबीचं रिकामं कार्ड असेल तर काळजी नाही.

या कामाला निदान तीन माणसं लागतात: प्रश्न विचारणारा, कॅमेरे पाहणारा आणि कानाला हेडफोन लावून फक्त आवाज ऐकणारा. दोघंच असाल तर कॅमेरा एका जागी पक्का करा आणि दुसऱ्याला आवाजावर बसवा. प्रश्न विचारणाऱ्यानं यंत्राला हात लावायचा नाही. त्याची नजर बॅटरीकडे गेली की पाहुण्याचं बोलणं सुटतं.

प्रत्यक्ष बोलताना

माइक लावण्याआधीच सांगा: "मी 'बंद' म्हणेपर्यंत रेकॉर्डिंग चालू असेल. काही नको वाटलं तर सांगा, काढून टाकू." हे सांगणं सचोटीचं तर आहेच, शिवाय उपयोगाचंही. बऱ्याचदा "झालं का?" म्हणून पाहुणा सैलावतो आणि दोन तासांतलं सगळ्यात खरं वाक्य तेव्हाच बोलतो. त्यांना माहीत असताना ते टिपलेलं असलं की वापरता येतं.

पहिली दहा मिनिटं सोपी ठेवा: जन्मगाव, गल्ली, शाळा, घरात कोण कोण होतं. कॅमेरा दिसला की बरेच जण पुस्तकी मराठीवर जातात आणि आखडतात. तुम्हीच घरच्यासारखं बोललात की तेही येतात. राधानगरी-गारगोटीकडची, कागलकडची बोली आली तर अजिबात सुधारू नका, पुन्हा बोलायला लावू नका. वयानं आणि कामानं मोठ्या माणसाला घरात जे म्हणतात तेच म्हणा, सर, अण्णा, काकी, बाई, पण "तुम्ही" सोडू नका. फार ओळख आहे म्हणून कॅमेऱ्यासमोर सलगी दाखवली की प्रेक्षक बाहेर राहतो.

उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात पाच आकडे मोजा. नवशिक्याला ही शांतता सहन होत नाही आणि तो ती भरून काढतो. थांबलात तर पाहुणा बहुतेक वेळा पुन्हा बोलतो, आणि हा दुसरा भाग अधिक मोलाचा असतो, कारण तयार उत्तर देऊन झालेलं असतं. ऐकताना "हं, हं", "बरोबर", "वा!" असं तोंडानं म्हणू नका. ते पाहुण्याच्या शब्दांवर पडतं आणि कापता येत नाही. मान हलवा, डोळ्यांनी दाद द्या.

सन चुकला तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका, विशेषतः वयस्कर माणसाला. एकदा चूक दाखवली की पुढचे सगळे प्रसंग ते सांभाळून, अडखळत सांगतात. वहीत खूण करा, शेवटी "अण्णा, ते १९६२ का १९६४ असेल? विद्यापीठ तर १९६२ ला झालं" असं विचारा, किंवा संकलनात खाली बरोबर साल लिहा.

रडू आलं तर कॅमेरा चेहऱ्याच्या आणखी जवळ नेऊ नका. थांबा, पाणी द्या, पुढे बोलायचं का विचारा. बोलायचं नसेल तर विषय तिथे संपला.

शेवटी दोन गोष्टी घ्या. लेखकाला एक पान वाचायला सांगा, तेही त्यांनीच निवडलेलं. आणि मुलाखतीत उल्लेख आलेल्या वस्तू वेगळ्या चित्रित करा: पेन, पॅलेट, तानपुरा, खोडलेलं हस्तलिखित, कपाट. वीस-पंचवीस तुकडे, प्रत्येक दहा सेकंदांचा, कॅमेरा स्थिर. कापाकापी झाकायला हेच लागतात. जुने फोटो घराबाहेर नेऊ नका. तिथेच ६०० डीपीआयवर स्कॅन करा. नाहीच जमलं तर खिडकीजवळ सपाट ठेवून, फ्लॅश न वापरता, कॅमेरा फोटोला बरोबर समांतर धरून टिपा, आणि मागच्या बाजूला लिहिलेलंही टिपा. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत सापडलं. त्या रंगमंचाच्या जुन्या आठवणी सांगणाऱ्या नटाबरोबर दाखवायला आता त्यांच्या ट्रंकेतले फोटोच उरतात.

परवानगी

एक पानी संमतीपत्र मराठीत करा: काय चित्रित केलं, कुठे दाखवणार, किती काळ, कोणता भाग काढायची मुभा. वाचून दाखवा, मग सही घ्या, एक प्रत त्यांना द्या. चित्र विकत घेणाऱ्याकडे चित्र जातं, त्याचा कॉपीराइट आपोआप जात नाही, त्यामुळे संग्राहकाच्या घरातलं चित्र मोठं करून दाखवायचं असेल तर चित्रकाराची किंवा वारसांचीही परवानगी घ्या. आपल्याकडे लेखक किंवा चित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि मुदत पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. बाबूराव पेंटर १९५४ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांची मुदत २०१४ अखेर संपली. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले. त्यांचा मजकूर वाचून दाखवायचा तर २०३६ अखेरपर्यंत परवानगीचा विचार करावा लागेल.

संकलन आणि जपणूक

घरी पोचल्यावर जेवणाआधी कार्डं उतरवा. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर एकेक प्रत, आणि एक डिस्क दुसऱ्याच्या घरी. दोन्ही प्रती उघडून शेवटचं मिनिट दिसतंय याची खात्री होईपर्यंत कार्ड पुसू नका.

कापायला बसण्याआधी सगळी मुलाखत वेळेच्या नोंदीसह लिहून काढा. दोन तासांच्या बोलण्याला सगळा दिवस जातो, पण त्याशिवाय कुठलं वाक्य कुठे आहे ते डोक्यात बसत नाही. कापताना श्वास अर्धा तोडू नका. श्वास घेतल्यानंतर आणि पुढच्या शब्दाआधी कापा. वाक्याच्या सुरुवातीचं "पण" किंवा शेवटचं "असं मला तेव्हा वाटायचं" गाळलं की अर्थ उलटा होऊ शकतो, विशेषतः विचारवंतांच्या बाबतीत. एका उत्तराचा अर्धा भाग दुसऱ्या प्रश्नाला जोडू नका. मुलाखत दिलेल्या माणसाला अंतिम चित्रफीत बघून "मी असं म्हटलं नव्हतं" असं वाटता कामा नये, हा निकष पुरेसा आहे.

देवनागरी उपशीर्षकं टाकताना काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते. सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय निवडला की बहुतेकदा सुटतं. एका वेळी दोनच ओळी ठेवा.

तयार प्रत आधी पाहुण्यांना त्यांच्या घरी दाखवा, मोठ्या पडद्यावर, कुटुंबासोबत. तथ्याच्या चुका तेव्हाच कळतात, आणि नातवंडं एखादं नाव हमखास दुरुस्त करतात. न कापलेलं पूर्ण रेकॉर्डिंग आणि लिहून काढलेला मजकूर वेगळा जपा, कारण तुम्हाला आज बिनमहत्त्वाचं वाटलेलं उत्तर पंधरा वर्षांनी एखाद्या संशोधकाला लागेल. फाईलचं नाव वर्ष-महिना-दिवस, आडनाव, ठिकाण, कॅमेरा क्रमांक असं ठेवा आणि सोबत एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये कोण, कुठे, कधी, कुणी विचारलं, संमती कुठवर, हे लिहा. एक प्रत कुटुंबाला, आणि त्यांची हरकत नसेल तर एक ग्रंथालयाला. आपल्याकडच्या डिस्क वर्षातून एकदा जोडून दोन-चार फाईली उघडून बघा, आणि चार-पाच वर्षांनी सगळं नव्या डिस्कवर उतरवून घ्या.